मार्शल लॉची हद्द

मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी कोणी दिले, असे आमच्या दक्षिण महाराष्ट्रात कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे: मार्शल लॉने. ही समजूत कशी रूढ झाली हे कळण्यासारखे आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी अंमल होता हे खरे, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात हे चौघे फासावर गेले हेही खरे. दोन खऱ्या गोष्टींमध्ये लोकांनी एक सरळ रेघ मारली, एवढेच. परंतु त्या चौघांचा खटला लष्करी कोर्टापुढे चाललाच नाही. तो चालला नेहमीच्या सेशन्स कोर्टात, आणि शिक्षा कायम केली ती मुंबई हायकोर्टाने. सोलापुरात लष्करी कोर्टे बसली होती खरी, पण त्यांनी शिक्षा ठोठावल्या त्या दुसऱ्याच लोकांना आणि दुसऱ्याच गुन्ह्यांबद्दल.

एवढा फरक कशाला उकरून काढायचा, असे कोणी म्हणेल. दिवाळीचा अंक, ताटात चकली-चिवडा, आणि हा मास्तर कलमे काय सांगत बसला! परंतु ज्याने जन्मात कधी वर्दी चढवली नाही, अशा माणसाचा न्याय वर्दीवाल्याने करावा काय, आणि करावा तर कोठवर, हा प्रश्न आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांच्या गळ्याशी आलेला आहे. एकदा नव्हे, तीनदा.

पहिली वेळ तात्या टोप्यांची. येवल्याचे हे रामचंद्र पांडुरंग. मानसिंगाने दगा दिला आणि ७ एप्रिल १८५९ रोजी तात्या परोणच्या जंगलात इंग्रजांच्या हाती सापडले. १५ एप्रिलला शिवपुरी येथे त्यांच्यापुढे कोर्ट मार्शल बसले आणि १८ एप्रिलच्या संध्याकाळी त्यांना फाशी झाली. आरोप कोणता? इंग्रज सरकारविरुद्ध बंड केले आणि युद्ध केले, हा. तात्यांचे उत्तर असे होते की, मी जे केले ते माझ्या धन्याच्या हुकमाने केले. काल्पी पडेपर्यंत नानासाहेबांच्या आणि पुढे रावसाहेबांच्या. युरोपियन बायकामुलांच्या हत्येत माझा हात नाही. यातली मेख पाहा. बंड करतो तो प्रजाजन. जो मुळात प्रजाजनच नाही तो फार तर शत्रू ठरेल, आणि शत्रूला कैद करतात. तात्यांचा जन्म पेशवाईत, अन्न पेशव्यांचे, आणि जेथे त्यांचा न्याय झाला ते शिवपुरी कंपनीच्या मुलखात नव्हे, शिंद्यांच्या संस्थानात! शंका नुसती आपल्याकडच्या अभिमानी मंडळींनी काढली असती तर सोडून देता आली असती. पण त्या बंडाचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल मॅलेसन या इंग्रजानेही या शिक्षेच्या न्याय्यतेविषयी शंका नोंदवून ठेवली आहे.

दुर्दैवाने मॅलेसनसाहेबांचे पुस्तक फाशीनंतर आले. कोर्ट मार्शल बसल्यापासून फासापर्यंत मध्ये तीन दिवस. तेवढ्या वेळात कोणाकडे अपील करायचे?

दुसरी वेळ सोलापूरची. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकेका पेठेत कानावर यायच्या. हुतात्म्यांची नावे वाचली तरी त्या गावाची वीण दिसते. धनशेट्टी कानडी घरचे, सारडा मारवाडी, शिंदे मराठे, आणि कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे. ५ मे १९३० रोजी गांधीजींना पकडल्याची बातमी आली आणि शहर खवळले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून धरपकड झाली, जमाव वाढला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण जागीच पडला. त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. पोलीस चौकी पेटली, कोर्टाची इमारत पेटली, पोलीस मारले गेले. जमावाच्या हातून झालेले ते खून होते. आपल्या बाजूचे म्हणून त्यांना दुसरे नाव देण्यात अर्थ नाही. चौघांवर खटला झाला तो याच खुनांचा.

पुढचे तीन-चार दिवस शहरात सरकार नावाची वस्तू उरली नव्हती. रहदारी सांभाळायला आणि पहाऱ्याला काँग्रेसचे स्वयंसेवक उभे होते. आणि मग १२ मे रोजी लष्करी अंमल पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत टिकला.

ही तारीख मला नेहमी खटकते. आग लागली ८ तारखेला, बंब आला १२ तारखेला, आणि तो तेथे सात आठवडे उभा! जाळपोळ थांबवण्यासाठी लष्कर बोलावले असे म्हणावे, तर जाळपोळ थांबून गेली होती. लष्करी कोर्टांपुढे जे लोक आले त्यांतले बहुतेक ८ मेच्या हिंसेचे आरोपी नव्हतेच. लष्करी अधिकाऱ्याने नियम जाहीर केले, आणि ते नियम मोडले म्हणून ते आले. तिरंगी झेंडा मिरवणे हा तर मोठाच अपराध ठरला. गांधी टोपीवरही गोऱ्या सोजिरांची फार खप्पामर्जी. तुळशीदास जाधवांच्या छातीला बंदूक लावून टोपी काढण्यास सांगितले आणि त्यांनी ती काढली नाही, ही गोष्ट सोलापूरकर अजून सांगतात. टोपीने कोणाचा खून होत नाही. पण ती डोक्यावर असली की आपला हुकूम चालत नाही हे दिसते, आणि सोजिराला बोचले असेल ते तेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. कोर्ट मार्शल वेगळे आणि मार्शल लॉचे कोर्ट वेगळे. कोर्ट मार्शल हे फौजेचे घरचे कोर्ट. शिपाई पहाऱ्यावर झोपला, पळून गेला, वरिष्ठावर हात उगारला, तर त्याचा न्याय फौजेने फौजेच्या कायद्याने करावा. हा कायदा लेखी असतो, कायदेमंडळाने केलेला असतो. आपल्याकडे आज तो १९५० चा आर्मी ॲक्ट आहे. मार्शल लॉ म्हणजे, उलट, कायदा नसण्याची अवस्था. देशाच्या एखाद्या भागात साधी कोर्टे बंद पडली, मॅजिस्ट्रेट पळाला, तर तेथला सेनापती शांतता राखण्यासाठी जे करील ते. त्यात एका टेबलामागे चार अधिकारी बसवून त्यांना कोर्ट म्हटले, तरी ते कायद्याच्या अर्थाने कोर्ट होत नाही. हे मी पदरचे सांगत नाही. १९२१ साली आयर्लंडच्या एका प्रकरणात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने हेच म्हटले होते: अशी मंडळी म्हणजे न्यायासन नव्हे.

आता याचा अर्थ ताणून पाहा. ते कोर्ट नव्हे, तर त्याने दिलेली शिक्षाही शिक्षा नव्हे. मग ज्या माणसाला तुरुंगात घातले त्याला कशाच्या आधारावर ठेवले? फक्त एकाच: गरज होती म्हणून. आणि गरज होती की नव्हती, हे ठरवणार कोण? ज्याने बेड्या घातल्या तोच?

नेमका हाच प्रश्न घेऊन सोलापूरची माणसे मुंबई हायकोर्टात गेली. हा खटला कायद्याच्या पुस्तकांत चनप्पा शांतीरप्पा विरुद्ध बादशहा या नावाने छापलेला आहे. सर जॉन बोमंट तेव्हा मुख्य न्यायमूर्ती. हायकोर्टाने सरकारची बाजू ऐकून घेतली, पण एक गोष्ट आपल्या हातून सोडली नाही: लष्करी अंमलाचा पाया गरज हाच आहे, आणि ती गरज खरोखर होती की नाही हे तपासण्याचा अधिकार दिवाणी-फौजदारी कोर्टांचा आहे. सेनापतीने ‘गरज होती’ असे म्हटले म्हणजे कोर्टाने मान डोलावलीच पाहिजे असे नाही. १९३० साल, गोऱ्यांचे राज्य, सविनय कायदेभंग ऐन भरात, आणि त्या वेळी मुंबईच्या किल्ल्यातल्या त्या इमारतीत हे म्हटले गेले. मला तरी याचे मोल फार वाटते.

न्यायाधीशांनी हे हवेतून आणले नव्हते. १७९८ साली डब्लिनमध्ये वुल्फ टोन या आयरिश क्रांतिकारकाला लष्करी कोर्टाने मरणाची शिक्षा दिली. त्याच्यातर्फे करन नावाचा वकील किंग्ज बेंच कोर्टात धावला आणि म्हणाला की, कोर्टे उघडी आहेत, तुम्ही स्वतः येथे बसलेले आहात, मग बराकीत माणसाला फाशी कशी देतात? मुख्य न्यायमूर्ती किल्वॉर्डन यांनी तत्काळ हुकूम काढला आणि शेरीफाला बराकीकडे पिटाळले. अधिकारी जुमानीनात तेव्हा त्यांनाच पकडण्याचा हुकूम झाला. टोनने मात्र तोवर स्वतःच्या गळ्यावर वार करून घेतला होता. तो थोड्याच दिवसांत वारला. पण हुकूम राहिला. अमेरिकेत यादवी युद्धाच्या वेळी इंडियाना राज्यातल्या मिलिगन नावाच्या वकिलाला लष्करी कमिशनने फाशी फर्मावली. १८६६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आधार एकच: इंडियानातली कोर्टे उघडी होती. कोर्टाचे दार उघडे असेल तर नागरिकाला तेथेच नेले पाहिजे. युद्ध चालू असले तरीही.

या कसाला सोलापूर लावून पाहिले म्हणजे त्या चौघांच्या खटल्याचे मर्म कळते. सरकारने खुनाचा खटला, म्हणजे सर्वांत गंभीर खटला, सेशन्स कोर्टात चालवला. अर्थात सेशन्स कोर्ट चालू शकत होते! मग झेंड्याचा खटला चालवायलाच तेवढे लष्करी अधिकारी का लागले? सरकारच्याच कृतीत सरकारला उत्तर आहे असे मला वाटते.

सरकार मात्र गाफील नव्हते. लॉर्ड आयर्विन यांनी मे महिन्यातच सोलापूरसाठी खास वटहुकूम काढून लष्करी अंमलाला कायद्याचा आधार दिला होता. वटहुकूम हे पूर्वीच्या सरकारांचे मोठे लाडके हत्यार. पुढच्या महायुद्धात तर त्याला ऊत आला, आणि येथे आमच्या गावाजवळची तिसरी वेळ येते.

माधवनगर तेव्हा बुधगावकर पटवर्धनांच्या संस्थानात होते. पलीकडे सांगली संस्थान, तिकडे मिरज, अलीकडे तासगाव इंग्रजी सातारा जिल्ह्यात, आणि कुंडल-किर्लोस्करवाडी औंधकरांची. दहा-वीस मैलांत माणूस तीन-चार राज्ये ओलांडी. पत्री सरकारच्या भूमिगतांनी या चिंध्यांच्या गोधडीचा पुरेपूर उपयोग केला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. धरपकडी झाल्या, खटले झाले. मार्शल लॉ पुकारला नव्हता. पण जानेवारी १९४२ मध्ये, जपान्यांची स्वारी होईल या धास्तीने, सरकारने खास फौजदारी कोर्टांचा दुसरा वटहुकूम काढून ठेवला होता, आणि ऑगस्टनंतर तो जपान्यांऐवजी आपल्याच लोकांवर चालू झाला. या कोर्टांत वर्दीवाले नव्हते, काळ्या कोटातलेच न्यायाधीश होते. पण कोणता खटला तेथे न्यायचा हे सरकारी अधिकारी ठरवणार, ज्यूरी नाही, आणि हायकोर्टाला त्यात हात घालण्याची मनाई. जबर शिक्षा असली तर सरकारनेच निवडलेला एखादा हायकोर्ट जज्ज कागद पाहणार. लष्करी कोर्टाची गोळी, फक्त साखरेत घोळलेली.

४ जून १९४३ रोजी दिल्लीच्या फेडरल कोर्टाने हा वटहुकूम बेकायदा ठरवला. वरदाचारियर आणि झाफरुल्ला खान एका बाजूला, रोलंड विरुद्ध. तुरुंगातल्या लोकांना केवढी आशा वाटली असेल! ती टिकली एक दिवस. ५ जूनला नवा वटहुकूम निघाला: जुना रद्द, पण त्याखाली झालेल्या शिक्षा पक्क्या, मात्र अपिलाची सोय दिली. हायकोर्टाचे दार निदान किलकिले झाले, तेही एका कोर्टाने सरकारचा कान धरला म्हणून. पुढे प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निकाल फिरवला ही गोष्ट निराळी. याच काळात विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीच्या खटल्यांत कित्येकांना फाशी सुनावली गेली. तिच्याविरुद्ध देशभर हाक उठली आणि १९४५ साली उरलेल्यांचे फास जन्मठेपेत बदलले. तात्यांना तीन दिवस मिळाले होते, यांना वर्षे मिळाली, आणि त्या वर्षांतच त्यांचे प्राण वाचले. सोलापूरच्या चौघांना आठ महिने मिळाले. ते वाचले नाहीत. साध्या कोर्टात गेले म्हणजे माणूस सुटतोच असे कोण म्हणतो? पण साक्षी, उलटतपासण्या आणि निकालपत्र मागे राहतात, आणि तो न्याय बरोबर झाला की नाही यावर नातवंडांना भांडता येते.

आता आपल्या राज्यघटनेकडे वळतो. १९५० पासून चीनशी एक आणि पाकिस्तानशी अनेक लढाया झाल्या. पण मार्शल लॉ एकदाही पुकारला गेला नाही. लष्करी कोर्ट नागरिकाला मुळीच बोलावू शकत नाही असे मात्र समजू नये. आर्मी ॲक्टात एक दार आहे. फौज मोहिमेवर असताना तिच्याबरोबर जाणारे, तिच्या चाकरीत असणारे बिगरफौजी लोक त्या कायद्याखाली येतात. आपल्या जुन्या बखरींतले बाजारबुणगेच हे! उलट बाजूला कुंपणही आहे. शिपायाने साध्या नागरिकाचा खून केला, तर मोहीम वगैरे अपवाद सोडता त्याचा न्याय साध्या कोर्टात होतो. १९५९ साली नौदलाचा कमांडर नानावटी मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीपुढे उभा राहिला, तेव्हा लोकांनी त्याच्या पांढऱ्या वर्दीकडेच अधिक पाहिले. ती वर्दी त्या पिंजऱ्यात उभी होती ही खरी बघण्याची गोष्ट. असो.

घटनेच्या दोन कलमांत मात्र एक फट आहे. कलम १३६ आणि २२७ यांमध्ये, सैन्यासंबंधीच्या कायद्याने स्थापलेल्या कोर्टांना सुप्रीम कोर्टाच्या खास अपिलातून आणि हायकोर्टाच्या देखरेखीतून वगळले आहे. म्हणजे उद्या संसदेने नागरिकांना त्या कोर्टांपुढे ढकलणारा कायदा केला, तर नेहमीच्या दोन वाटा बंद होतील. कलम ३२ आणि २२६ च्या रिटची वाट राहते, आणि कलम २१ तर राहतेच. तेही १९७६ साली राहिले नव्हते. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की, बेकायदा अटक झाली तरी दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते भोक बुजवले; आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ गोठवता येत नाहीत. शेजारी पाकिस्तानात हे भोक अजून वाहते आहे. मे २०२३ च्या दंगलीतल्या नागरिकांना लष्करी कोर्टापुढे नेता येणार नाही असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सांगितले, आणि मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने नेता येईल असे सांगितले.

राहता राहिले कलम ३४. मार्शल लॉ हा शब्द आपल्या घटनेत आहे तो येथे, आणि त्याची व्याख्या मात्र कोठेही नाही. मार्शल लॉ पुकारण्याचा अधिकारही हे कलम कोणाला देत नाही. ते एवढेच म्हणते की, एखाद्या भागात मार्शल लॉ चालू असताना शांतता राखण्यासाठी कोणी काही केले, तर संसद मागाहून कायदा करून त्याला माफी देऊ शकेल, आणि त्या काळात दिलेल्या शिक्षा ग्राह्य ठरवू शकेल. दोनदा वाचावे असे हे वाक्य आहे. जी शिक्षा मुळात कायदेशीर असते तिला मागाहून ग्राह्य ठरवावे लागत नाही. घटनेनेच येथे कबूल केले आहे की लष्करी कोर्टाची शिक्षा जन्मतः अनौरस असते, आणि तिला घराण्याचे नाव द्यायचे तर भर सभागृहात, मते मोजून, द्यावे लागते. कैद आणि दंड यांच्या बाबतीत हे चालेल. कैदी सोडता येतो, दंड परत करता येतो. फाशीच्या बाबतीत मागाहून काय ग्राह्य आणि काय अग्राह्य!

या कलमाखाली संसदेला आजवर एकही कायदा करावा लागलेला नाही. करायचाच झाला तर तो कोणत्या मुलखातल्या शिक्षांसाठी हे त्यात लिहावे लागेल, कारण कलम ३४ बोलते ते मार्शल लॉ असलेल्या ‘भागा’विषयी. १९३० सालचा चौथा वटहुकूम निघाला तेव्हा त्याच्या नावातच सोलापूर होते.